धर्माची गाडी, ब्रेक का गं नाय

जुनी गाडी विकायची नाही, नात्यातल्याच कुणाला तरी देऊन टाकायची, असं तुमच्या घरात ठरलं असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. हा उदात्त निर्णय माणूस सहसा जुन्या गाड्यांच्या एजंटनं सांगितलेला आकडा ऐकल्यानंतर घेतो. २००९ची अल्टो, पंधरा वर्षं उलटलेली, आरसीची मुदत संपलेली. एजंट गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेटवर टिचकी मारतो, तोंडातला मावा या गालातून त्या गालात सरकवतो आणि असा भाव सांगतो की तेवढ्यात धड मोबाइलही येऊ नये. त्याच क्षणी तुम्हाला कराडचा भाचा आठवतो. इतकी वर्षं तो कराडलाच होता, पण आठवण यायलाही योग लागतो.

भाचा ही निवड अचूक आहे, तिच्यावर ठाम राहा. जावयाला द्याल तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. साडूला द्याल तर तो स्वतःचा मेकॅनिक घेऊन बघायला येईल. ड्रायव्हरला तर चुकूनही देऊ नका, कारण गाडीचं कुठे काय दुखतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, तो हात जोडून म्हणेल, "साहेब, त्यापेक्षा बोनस द्या." जुनी गाडी अशा माणसाला द्यावी, ज्याला 'नको' म्हणण्याची सोय नाही. भाच्याला नुकतीच नोकरी लागलेली असते, आईला डॉक्टरकडे न्यायला गाडी हवीच असते, आणि धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात हे त्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. शिकवणारी तुमचीच बहीण.

आहे तशी दिली तर बरं दिसत नाही, म्हणून थोडी दुरुस्ती करायची. सूत्र एकच: जे फोटोत दिसतं त्यावर खर्च, जे चाकाच्या आत असतं ते देवावर.

पहिला मान रंगाचा. पूर्ण गाडी रंगवणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला सांगा, "दिसण्यापुरतं कर." तो ओळखतो. दाराच्या खालच्या कडेला पत्रा कुजून जाळी झाली असेल, तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याच्या भानगडीत तो पडणार नाही. लांबी म्हणजे पुट्टी भरेल, पॉलिश पेपर मारेल, टच-अप करेल. गंज आतून आपलं काम चालू ठेवतो आणि एखाद्या पावसाळ्यानंतर तो सगळा थर खपलीसारखा निघून हातात येतो. पण तो हात भाच्याचा असतो. ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरला भोक पडलं असेल तर जाड रबरी मॅट टाका. मग रबिंग-पॉलिश, सीटना रेक्झिनची कव्हरं आणि आरशाला लटकवायला लॅव्हेंडरचा सुगंध. सुगंधावर कंजुषी नको. आतला कुबट वास आणि कुठून तरी येणारा पेट्रोलचा वास अशा दोन आघाड्या त्याला एकट्यानं सांभाळायच्या असतात.

टायरना काळं पॉलिश लावताना बाजूवरच्या चार आकड्यांवर जरा जास्तच चोळा. २३१४ म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर, हे हल्लीच्या पोरांना वाचता येतं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, असा नियम आहे. नियमाचं बरं आहे, त्याला घाटात पावसात गाडी चालवावी लागत नाही.

मेकॅनिक निवडताना मात्र बरेच जण फसतात आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जातात. तो बॉनेट उघडतो आणि यादी सांगायला लागतो. ब्रेक ऑइल काळं पडलंय, पुढचे पॅड संपलेत, मागच्या ड्रममधले लायनर बघावे लागतील, फॅनबेल्टला चिरा गेल्यात. मग विचारतो, "विकायचीय का?" तुम्ही सांगता, "नाही रे, भाच्याला द्यायचीय." यावर समजूतदार माणसानं म्हणावं, मग राहू दे, एवढं काही नको. हा म्हणतो, "मग तर करायलाच पाहिजे साहेब." ज्याला व्यवहारच कळत नाही, त्याच्याशी काय बोलणार?

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे घालवण्याचा मोह इथेच होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. डॉट-३ दर्जाचं कोरं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर तेच १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत पुण्यात गाडी ढकलणाऱ्या माणसाला याचं काहीच वाटत नाही. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरणाऱ्याला वाटतं. पाय सतत ब्रेकवर, पॅड आणि डिस्क तापलेल्या, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि दाबल्यावर चाकापर्यंत जोर पोचायच्या ऐवजी ती वाफच दबते. पेडल सरळ खाली जातं. पण तुम्ही कुठे चिपळूणला निघालाय? अर्ध्या लिटरची बाटली, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढण्याची मजुरी, पुढच्या पॅडची जोडी, हे सगळं मिळून सीट कव्हरांच्या आतबाहेरच येतं, हे मान्य. पण आल्यागेल्याला ब्रेक ऑइल दाखवता येत नाही. "या, बसा, बघा कसं पिवळसर आहे," असं कुणी म्हणतं का?

बहिणीच्या नजरेला नजर देता यावी म्हणून काही सुटे भाग घ्यायचेच असतील तर नाना पेठेत जा. दुकानदार विचारेल, "कंपनीचं देऊ की लोकल?" गाडी तुमची होती तेव्हा हा प्रश्न पुरा होण्याआधीच तुम्ही उत्तर देत होता. आता जरा मागचापुढचा विचार करा. लोकलही महाग वाटलं तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार आहेच. खरं पाहता दाराची कडी, आरसा, हबकॅप, काच खाली-वर करायचं हँडल असल्या गोष्टी जुन्या घेण्यातच शहाणपण आहे; त्या मोडल्या तरी कुणी मरत नाही, आणि तिथे वाचलेल्या पैशात नवे पॅड बसतात. पण तुम्ही दाते आहात. तुम्ही पॅड जुन्या बाजारात शोधा आणि आरसा कोरा करकरीत घ्या.

बाकीच्या तक्रारी घरगुती उपायांनी आटोपतात. रेडिएटर गळतोय? हळद टाका. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे. हळद पाण्याबरोबर फिरते आणि गळक्या फटीत जाऊन बसते. रेडिएटरच्या धडधाकट, बारीक नळ्यांतही तीच जाऊन बसते आणि पुढे इंजिन तापतं, पण कराडपर्यंतचं भागतं. सायलेन्सरमधून निळा धूर येतो म्हणजे इंजिन ऑइल पितंय, बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्यासाठी इंजिन खोलावं लागेल. त्यापेक्षा जाड, २० डब्ल्यू ५० ऑइल ओता, काही दिवस धूर कमी दिसतो. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवा. बिघाड जात नाही, बिघाडाची बातमी जाते. सध्याच्या काळात तेवढं पुष्कळ झालं.

एवढं करूनही पुढे काही बंद पडलंच, तर इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि एप्रिल २०२३च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ते गृहीत धरून केलेले नव्हते, इथपर्यंतचं बोलणं खरंच आहे. त्याच दमात क्लच, हॉर्न आणि मागचं दार लागत नाही तेही इथेनॉलच्या नावावर खपवा. पेट्रोलचा चिरलेला पाइप वेळेवर बदलून घेणं हे किरकोळ खर्चाचं काम आहे, ही माहिती चर्चेत आणू नका.

आता कागद. इथे खरी कसोटी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याचं चारचाकीचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२पासून ५,००० झालं. वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट, महाराष्ट्रात ७४५ रुपये अधिक जीएसटी. शिवाय २०१४ साली फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर अजून तसाच, कारण बँकेनं दिलेलं पत्र तुम्ही इतकं जपून ठेवलंय की ते तुम्हालाही सापडत नाही. हे सगळं निस्तरायचं, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी भाच्याच्या नावावर चढवायची. बेरीज करता करता उदारपणा आटायला लागतो. तो आटू नये म्हणून हा विषय एका वाक्यात मिटवा: "कागदांचं काय, तुझ्या सवडीनं करून घे." भाच्याची सवड आणि तुमची सही एकाच दिवशी एकाच गावात येणार नाहीत, एवढं बघितलं की झालं. तोवर कराडच्या कॅमेऱ्यात टिपलेली ई-चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतील. पोरगं कुठे कुठे फिरतं तेही कळेल.

एक बारीकशी अडचण आहे, सांगून टाकतो. गाडी देणाऱ्यानं चौदा दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवायचं, असं कायदा म्हणतो. नोंद बदलली नाही तर किल्ली कुणाच्याही खिशात असो, कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये निकाल दिलेलं एक प्रकरण आहे. मालकानं २००७मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात फिरत राहिली, नोंदीत नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी आली ती ज्याचं नाव नोंदीत होतं त्याच्यावर. म्हणजे ज्या ब्रेकवर तुम्ही हजार-दोन हजार वाचवलेत, तो कुंभार्लीत लागला नाही तर नोटीस कराडला जाणार नाही, कोथरूडला येईल. सबंध दुरुस्तीत तुमच्या स्वतःच्या फायद्याचं काम कुठलं असेल तर ते हे सह्यांचं, आणि नेमकं तेच तुम्ही भाच्याच्या सवडीवर सोडलंत. याला मी निःस्वार्थ वृत्ती म्हणतो.

मध्येच एखादा अतिशहाणा सांगेल की गाडी इतकी गेलेली असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. त्याला विचारा, भंगारवाला दुवा देतो का? दिवाळीला वाकून नमस्कार करतो का?

गाडी देण्याचा समारंभ मात्र नीट करा. बहिणीला बोलवून घ्या. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, पुढे लिंबू-मिरची. शोरूमवाले देतात तशी पुठ्ठ्याची मोठी किल्ली घरी करता येते. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, खाली लिहा: 'भाच्याला छोटीशी भेट.' छोटीशी लिहायचंच. केवढी मोठी, हे इतरांनी म्हणायचं असतं. टाकीत पेट्रोल जवळच्या पंपापर्यंत पुरेल एवढं ठेवा. नारळ गाडीच्या पुढे फोडा, गाडीवर नको, लांबी हलते.

नंतर फोन येतील. तयारी ठेवा.

"मामा, ब्रेक जरा खाली लागतोय."

"अरे, हातातल्या गाडीची सवय व्हावी लागते. मला कधी जाणवलं नाही."

"मामा, मॅट उचलली तर रस्ता दिसतोय."

"मग उचलतोस कशाला?"

पोरगं गुणी असतं, उलट बोलत नाही. सुरुवातीच्या पगारांतून ब्रेक करून घेतं, टायर बदलतं, रेडिएटरमधली हळद धुऊन काढतं, फ्लोअरला पत्रा टाकतं. त्याचे किती गेले हे तो सांगत नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. एक दिवस बहीणच कौतुकानं म्हणते, "दादा, गाडी आता काय छान चालते रे!" फोन ठेवू नका, हीच वेळ. तुमची नवी गाडी सर्व्हिसिंगला जायची असते आणि तुमच्या मुलाला मित्रांबरोबर चिपळूणला जायचं असतं. भाच्याला फोन घ्यायला सांगा आणि म्हणा, "अरे, चार दिवस गाडी पाठवून दे." त्यानं का-कू केलं तर आवाज न चढवता विचारा, "आरसीवर नाव कुणाचं आहे रे?" आणि टाकी भरून पाठवायला सांगा. घाटात पंप नाही.