तो खलाशी समुद्राचं पाणी पिऊन जगला नाही

काल जुळे सोलापूरला मामींकडे गेलो. ओट्यावर पाण्याचा तांब्या, तळाशी न विरघळलेले मिठाचे खडे. "आठवडा झाला, रोज अनशापोटी घेते," मामी म्हणाल्या. शेजारीच बीपीच्या गोळ्या. हे आलं व्हॉट्सॲपवरून: एका खलाशाचं जहाज फुटलं, निर्जन बेटावर तो चार वर्षं समुद्राचं पाणी पिऊन आणि नारळ खाऊन जगला, सुटून आल्यावर शंभरी गाठली, म्हणून उन्हाळ्यात तांब्याभर पाण्यात दोन चमचे खडे मीठ घालून प्या, अंगातलं पाणी टिकतं.

खलाशी खरा आहे, एवढं कबूल. त्याचं नाव अलेक्झांडर सेल्कर्क, स्कॉटलंडचा. चार वर्षंही खरी. पण जहाज फुटलं नव्हतं. ते गळकं आहे, यात पुढे जाणार नाही, म्हणून तो कप्तानाशी भांडला आणि १७०४ साली चिलीपासून सुमारे ६७० किलोमीटरवरच्या बेटावर उतरला. शंभरीचं तर सोडाच, १७२१ मध्ये तो जहाजावरच वारला, वय ४५.

आता पाण्याचं. फेब्रुवारी १७०९ मध्ये त्याला सोडवणारा कप्तान वूड्स रॉजर्स यानं सगळं लिहून ठेवलंय आणि ते १७१२ साली छापून आलं. त्या बेटावर गोड्या पाण्याचे झरे होते. लांबच्या सफरीवरची जहाजं तिथं थांबायची तीच पाणी आणि लाकूडफाटा भरायला. रॉजर्सही त्यासाठीच थांबला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेल्कर्कची तक्रार मीठ नसल्याची होती! सुरुवातीला दुःखानं आणि भाकरी-मीठ नाही म्हणून त्याला जेवण जायचं नाही. मासे मुबलक, पण मिठाशिवाय खाल्ले की पोट बिघडायचं, म्हणून तेही सोडले. रोज खारं पाणी पिणारा माणूस मिठासाठी असा तळमळेल का? जगला तो रानबकऱ्यांच्या मटणावर. पाचशे बकऱ्या मारल्याचा हिशोब रॉजर्सनं दिलाय. बंदुकीची दारू संपल्यावर तो त्यांना पळून पकडायचा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली किडनी लघवीतून लिटरमागे साधारण २० ग्रॅमच मीठ बाहेर टाकू शकते. उरलेलं काढायला शरीर स्वतःचंच पाणी वापरतं, म्हणजे प्यावं तितका माणूस आणखी सुकतो. मामी स्वतः बोअरचं मचूळ पाणी भांड्यांना ठेवतात आणि नळाला पाणी आलं की पिण्याचं वेगळं भरतात. जे त्या घरात पाळतात, ते एका मेसेजपुढे विसरल्या.

आणि ते दोन चमचे! दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मामींचा दोन दिवसांचा वाटा सकाळच्या एका तांब्यात जात होता, तोही बीपी असताना.

यात एकच गोष्ट अर्धी खरी. घामातून मीठ जातं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. पण उलट्या-जुलाब झाले तर घरी करायचं पाणी वेगळं: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्धा! ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

नारळांचं म्हणाल, तर रॉजर्सच्या हकिगतीत ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा कोंब आणि सलगम येतात. ते असो.

मामींनी तांब्या माझ्यासमोर मोरीत ओतला. आज संध्याकाळी त्यांना बीपी मोजायला नेतोय. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी तो काढावाच, पण आधी तो ज्यांना गेला त्यांना फोन करून विचारा, मीठ सुरू केलंय का.