बंद केलं, तर कारण सांगा

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभाऊ तोच विषय उकरून काढतो. "कोरोनात फक्त आपलीच मंदिरं बंद ठेवली. तिकडे गोऱ्यांनी चर्चला हात लावला का?"

लावला. मी एडिनबरात राहतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंड सरकारने चर्च, मशिदी, देवळं सगळी बंद केली. एकट्याने जाऊन प्रार्थना करायलाही मनाई. इंग्लंडमध्ये मात्र ती उघडी होती. सुपरमार्केटबाहेर दोन मीटरच्या खुणांवर आमची रांग, आणि पलीकडे चर्चच्या फाटकाला साखळी. मग २७ चर्चप्रमुख कोर्टात गेले आणि २४ मार्चला न्यायाधीश लॉर्ड ब्रेड यांनी बंदी बेकायदा ठरवली. सरकारला कधीच बंद करता येणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. सौम्य उपायांनी का भागलं नसतं, हे सरकारला दाखवता आलं नाही. मला ही रीत पटते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये मंदिरं बंदच होती, तेव्हाचे राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंना विचारलं, अचानक सेक्युलर झालात का? ठाकरे म्हणाले, माझ्या हिंदुत्वाला तुमचं प्रमाणपत्र नको. गाभाऱ्यात हवा किती खेळते, रांगेत अंतर राहील का, हे त्या भांडणात बुडालं. त्याआधी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतली तीन जैन मंदिरं पर्युषणासाठी उघडू दिली, तेव्हा सरन्यायाधीश बोबडे यांनी नेमकं बोट ठेवलं होतं: पैशाचा मामला असला की धोका पत्करता, धर्म आला की कोविड आठवतो. बार उघडणाऱ्या सरकारने याचं उत्तर द्यायलाच हवं होतं.

वारीचं वेगळं. लाखो माणसं दोन-अडीच आठवडे एकत्र चालतात, जेवतात, झोपतात. ती थांबवणं भागच होतं. माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या, त्या मी फोनवर पाहिल्या. आमचं घर फलटणचं. पालखी मुक्कामाला आली की आई अंगणातल्या चुलीवर पिठलं रटरटत ठेवते, भाकऱ्या थापायला गल्लीतल्या बायका येतात. त्या वर्षी चूल पेटली नाही. "पांडुरंगाला कळतं," एवढंच आई म्हणाली.

हे लिहिलं तर भावाचं उत्तर, "तिकडे बसून तुला काय कळणार?" लागलं मनाला. पालखी येते तेव्हा मी ऑफिसात असतो, हे खरंच आहे. आणि इथल्या निकालाने आनंद झाला तरी ते चर्च काही माझं नव्हतं. पण आमच्या अंगणाबद्दल बोलायचा हक्क मी सोडणार नाही. पुढच्या साथीत कारण न देता देऊळ बंद झालं, तर भावाने कोर्टात जावं, वकिलाच्या फीमधला माझा वाटा मी देईन. वारी थांबवली, तर मात्र त्याने घरीच बसावं.