माननीयांच्या संकल्पनेतून

पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. या काळात शहरात एकही नगरसेवक नव्हता असे कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात माजी नगरसेवक गल्लोगल्ली होते आणि भावी नगरसेवक प्रत्येक चौकात फ्लेक्सवरून हात जोडून उभे होते, त्यामुळे नागरिकांना पोरकेपणा असा कधी जाणवला नाही. आता 41 प्रभागांतून 165 माननीय रीतसर निवडून आले आहेत आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपला परिसर सुधारावा, अशी इच्छा आपल्याही मनात उत्पन्न झाली आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र या क्षेत्रातला नवखा माणूस उत्साहाच्या भरात एखादे खरेच काम करून बसतो आणि मग ते निस्तरता निस्तरत नाही. तसे होऊ नये म्हणून थोडे मार्गदर्शन करण्याचे योजले आहे.

प्रथम कामाची निवड. ज्याचे उद्घाटन करता येते तेच काम हाती घ्यावे, हा या विषयाचा पाया आहे. तुंबलेली ड्रेनेजची लाइन मोकळी करणे कितीही निकडीचे असले तरी तेथे फीत कोठे बांधायची हा प्रश्न सुटत नाही. शिवाय ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तुंबते, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते, आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाची बातमी होत नाही. याउलट बाक पाहा. बाकाला पाठ असते आणि पाठीवर नाव लिहिता येते. कोणी टेकून बसले की नाव झाकले जाते, एवढा एकच दोष त्यात आहे, आणि तो ओळखून जाणकार मंडळी बाक अशा जागी बसवतात की तेथे कोणी फिरकणारच नाही: भर उन्हात, कचऱ्याच्या ढिगाशेजारी किंवा भिंतीकडे तोंड करून. बाक पदपथाच्या मधोमध ठेवल्यास लाभ दुहेरी होतो. चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते, एखाद्याला दुचाकीचा धक्का लागतो आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्याचा पुढचा उपक्रम आपोआप सुचतो.

बाकावर कोणाचे नाव घालायचे, हा मात्र नाजूक विषय आहे. या शहरात 40 प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच नगरसेवक आहेत. या रचनेचा सर्वज्ञात फायदा असा, की तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक माननीय उरलेल्या तिघांकडे पाठवू शकतो आणि चौथ्या घरापर्यंत पोहोचेतो तक्रारदाराचा राग निवालेला असतो. परंतु श्रेयाच्या वेळी चौघांना एक बाक पुरत नाही. चौघे एका पक्षाचे असल्यास नावांचा क्रम, अक्षरांचा आकार आणि छायाचित्रांची उंची यांवर तोडगा निघू शकतो. पक्ष वेगवेगळे असल्यास एकाच बाकाचे सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा लोकार्पण करावे. आपण रहिवासी म्हणून दोन्ही समारंभांना उपस्थित राहावे आणि टाळ्या सारख्याच जोराने वाजवाव्यात, कारण उद्या पाण्याचा टँकर कोणाच्या शब्दावर येईल हे आज सांगता येत नाही.

या सर्वाला पैसा लागतो, आणि तो आपल्याच मिळकतकरातून आलेला असतो, पण हे व्यासपीठावरून बोलू नये. फलकावर ‘मा. अमुक यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून’ असे ठळक लिहिलेले असते. आपण मोठे कुतूहल असलेले गृहस्थ असाल, तर खाली कोपऱ्यात ‘पुणे महानगरपालिका’ ही अक्षरेही सापडतील. अंदाजपत्रकातल्या ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, प्रत्येक माननीयांच्या वाट्याला येणारा निधी कोठे खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारता येते, परंतु अशा माणसाशी सोसायटीत लोक जपून बोलू लागतात आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला कोणी माननीय येत नाहीत. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्गीकरण करून दुसऱ्या कामाकडे वळवण्याची सोय आहे, त्यामुळे निधी नाही असे सहसा होत नाही. तो योग्य वेळी योग्य गल्लीत असावा लागतो, इतकेच. मार्च जवळ आला की सुस्थितीतील पेव्हर ब्लॉक उखडून त्यांच्या जागी नवे बसवले जातात. उखडलेले ब्लॉक कोठे जातात, असला प्रश्न मनात आलाच तर तो मनातच ठेवावा आणि नव्या ब्लॉकवर मुलांचे छायाचित्र काढावे.

आता स्वच्छता मोहिमेकडे वळू, कारण लोकसहभाग जेथे सर्वाधिक खुलून दिसतो ते क्षेत्र हेच. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांचे कान उपटत. ही पद्धत आता मागे पडली आहे. आधी भाषणे करावीत, मान्यवरांचा परिचय करून द्यावा, परिचय करून देणाऱ्याचा सत्कार करावा आणि मग वेळ उरला तर झाडू हातात घ्यावा. झाडण्यासाठी रस्ता निवडताना तो सफाई सेवकाने पहाटेच नीट झाडलेला आहे याची खात्री करून घ्यावी, अन्यथा पांढऱ्या कपड्यांची वाट लागते. पाचोळा बाजूच्या उद्यानातून टोपलीभर आणून पसरता येतो. झाडू लांब दांड्याचा असावा, म्हणजे वाकावे लागत नाही आणि चेहरा कॅमेऱ्यासमोर राहतो. मोहिमेचा फ्लेक्स मोहिमेच्या आधी निदान आठवडाभर लागला पाहिजे आणि तो झाडाच्या बुंध्याला खिळे ठोकून लावणेच स्वस्त पडते. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा 1995 पासून अस्तित्वात आहे आणि बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिकांना वारंवार फटकारले आहे. हे आपल्या फ्लेक्सविषयी नसून पलीकडच्या पक्षाच्या फ्लेक्सविषयी आहे, अशी दृढ श्रद्धा बाळगावी. मोहीम संपल्यावर चहाचे कागदी पेले आणि पोह्यांच्या बशा यांचा जो ढीग जमतो, तो त्या दिवशी त्या रस्त्यावर पडलेला एकमेव खरा कचरा असतो. तो सोमवारी सफाई सेवक उचलतात.

ज्या कोपऱ्यावर लोक वर्षानुवर्षे पिशव्या फेकतात आणि ज्याला महापालिकेत ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, तेथे रांगोळी काढावी, चार कुंड्या ठेवाव्यात आणि भिंतीवर निसर्गचित्र रंगवावे. लोक पहिले दोन दिवस रांगोळीच्या कडेने कचरा टाकतात, तिसऱ्या दिवसापासून कुंडीत. त्यामुळे निदान तो एका जागी राहतो. तो तेथे मुळात का येतो, याच्या खोलात शिरू नये. कारण त्या शोधाचा शेवट आपल्याच इमारतीत होण्याचा धोका असतो. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायचे होते, आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई ते दारातून घेऊन जात आल्या आहेत. त्यांचे महिन्याचे शुल्क देताना मात्र भरपूर घासाघीस करावी, दोन महिने घर बंद होते असे सांगावे आणि डायपर न गुंडाळता तसाच हातात द्यावा. हे सारे करणारा रहिवासी पुढे स्वच्छतादूत म्हणून निवडला जाण्यास कायद्याची काहीही आडकाठी नाही.

याबाबतीत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी फार वाईट पायंडा पाडला आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कचरा घरातच वेगळा करायला आणि ओल्या कचऱ्याचे खत करायला सुरुवात केली आणि अधिकाऱ्यांच्या मागे लागून ते रोज करत राहिले. पुढे मुंबई महापालिकेने तेच प्रारूप शहरभर राबवायला घेतले. रोज करण्याच्या कामात किती माणसे गुंतून पडतात आणि त्यातून छायाचित्रे किती थोडी निघतात याचा विचार केला, तर आपल्या गल्लीत असे काही सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी त्याचे घाईने उद्घाटन करून टाकणे श्रेयस्कर ठरेल.

सोसायटीपुरते बोलायचे तर गांडूळखताचा खड्डा अवश्य करावा. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प असल्यास मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असल्यास 10 टक्के सवलत मिळत आली आहे. खड्डा दाखवावा, सवलत घ्यावी आणि नंतर त्यावर फरशी टाकून एका चारचाकीची जागा काढावी. तपासणीला कोणी आलेच तर गांडुळे गावी गेली आहेत असे सांगता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

वृक्षारोपण 5 जूनलाच करावे. पुण्यात मोसमी पाऊस सहसा त्यानंतर येतो, हे खरे आहे, पण पर्यावरण दिनाची तारीख आपण बदलू शकत नाही आणि पावसाची वाट पाहणे हे रोपाचे काम आहे. एका रोपाला बारा हात लागलेले दिसले पाहिजेत. पिंजऱ्यावर नाव रंगवावे, कारण रोपापेक्षा पिंजरा अधिक काळ टिकतो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावता येते, ही सोय तर निसर्गानेच करून ठेवली आहे.

महिलांसाठी पैठणीचे खेळ, ज्येष्ठांसाठी तीर्थयात्रा, मुलांसाठी वह्या आणि तरुणांसाठी ओपन जिम, एवढ्यात उरलेला प्रभाग सुधारतो. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही, कारण ते आपण आधीच घेतलेले असणार. पैठणी घरात आल्यानंतर दूषित पाण्याची तक्रार करताना माणसाला थोडा संकोच वाटतो, हे सभ्यपणाचेच लक्षण होय.

खरे सांभाळायचे आहे ते क्षेत्रसभेपासून. राज्याने 2009 साली महापालिका कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी ही तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी प्रभागाच्या प्रत्येक क्षेत्रातल्या मतदारांची सभा भरवायची, तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असायचे, तेथे नागरिकांनी कामे सुचवायची आणि त्यांचा अग्रक्रम ठरवायचा. दोन वर्षांत किमान चार सभा न घेणाऱ्या नगरसेवकाचे पद जाईल, असा धाकही कायद्याने घातला. सुदैवाने सभा भरवण्यासाठी आधी प्रभागाची क्षेत्रे पाडावी लागतात आणि ते पाडण्याचे कामच वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यामुळे कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची पद्धतही पुण्यात 2006 पासून आहे. तिच्यापासून फारसे भय नाही. अर्जांची मुदत गणपतीच्या धामधुमीच्या मागेपुढे निघून जाते आणि ज्यांच्या लक्षात राहते तेही बहुधा बाकच मागतात.

तरीही प्रत्येक प्रभागात एखादा गृहस्थ असा निघतोच, की जो दिवाळी पहाटेच्या मध्यंतरात उभा राहून गल्लीतल्या ड्रेनेजचे काय झाले ते विचारतो. त्याच्यावर चिडू नये आणि त्याला खालीही बसवू नये. त्याला व्यासपीठावर बोलवावे, प्रभागातील आदर्श जागरूक नागरिक म्हणून शाल व श्रीफळ द्यावे आणि सत्काराला उत्तर देण्याची विनंती करावी. सत्काराला उत्तर देताना माणूस आभार मानतो, ड्रेनेजचा विषय काढत नाही. त्याने तो काढलाच, तर पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्याचेच नाव छापावे. मग ड्रेनेजचे काय झाले ते लोक त्याला विचारू लागतील.