आज काही विशेष नाही

कोणी भेटलं की आपण विचारतो, "काय विशेष?" समोरचा म्हणतो, "विशेष काही नाही." आणि दोघंही सुखाने आपापल्या वाटेला लागतात. माझी ही सोय तीन वर्षांपूर्वी गेली. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि तिथे 'विशेष काही नाही' लिहून भागत नाही. बीबीसीचं भागलं होतं. १८ एप्रिल १९३०च्या संध्याकाळी त्यांच्या निवेदकाने 'आज बातमी नाही' एवढंच सांगितलं आणि उरलेला वेळ पियानो ऐकवला. माझ्याकडे पियानो नाही.

काम गळ्यात पडलं ते माझ्याच हलगर्जीपणाने. वार्षिक सभेत "फळा कोण लिहील?" असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी चष्मा पुसत होतो, त्यामुळे मला त्या दिसल्याच नाहीत आणि माझी एकट्याची मान वर राहिली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुमचं अक्षर किती सुरेख आहे हो!" निवृत्तीनंतर माझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ. मी हो म्हणून बसलो.

फळ्यावर पाच ओळी मावतात. पहिली तारखेला जाते, उरल्या चार. सहावी लिहायची तर गुडघे टेकावे लागतात, आणि मग मला उठवायला कोणीतरी लागतं. ओल्या फडक्याने फळा पुसून लिहायला घेतलं की अक्षरं आधी दिसतच नाहीत. फळा वाळेल तशी ती वर येतात, म्हणजे चूक कळते ती खडू डब्यात टाकून हात धुतल्यावर. शिवाय कालची माणसं पुसून पूर्ण जात नाहीत. १२ फेब्रुवारीला मी डार्विन लिहितो तेव्हा त्याच्या खांद्यामागून ११ तारखेचा एडिसन डोकावत असतो.

तशी १२ फेब्रुवारी माझी लाडकी तारीख. चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन दोघंही १२ फेब्रुवारी १८०९चे. एक श्रूजबरीतल्या सुखवस्तू डॉक्टरचा मुलगा, दुसरा केंटकीत ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला. मी मोठ्या हौसेने दोघांना एका ओळीत बसवलं, आणि जागा उरली म्हणून डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, हेही घातलं. राशिभविष्य नेमाने वाचणारे एक सभासद फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. "रास एक, तारीख एक," ते म्हणाले, "मग एकाने एवढं यादवी युद्ध निभावलं आणि दुसरा गांडुळं कशी काय बघत बसला?"

"लग्न वेगळं असेल," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं. ग्रंथपालबाईंना मात्र मी त्या दोघांच्या बायकांबद्दल बोललो असं वाटलं, आणि त्या दिवसभर माझ्याशी तुटक वागल्या.

हे किरकोळ. खरा वनवास सुरू झाला तो निवृत्त मुद्रितशोधक सभासद झाले तेव्हा. आयुष्यभर लोकांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. शर्टाच्या खिशाला अजून तांबडी पेन्सिल. फळ्यावर पेन्सिल चालत नाही, एवढंच काय ते त्यांचं दुःख. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं. एका गायकांच्या नावापुढे मी 'जयंती' लिहिलं होतं.

"कधी गेले हो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"हेच. जयंती गेलेल्यांची असते. असलेल्यांचा वाढदिवस."

गायक उत्तम स्थितीत होते. त्या आठवड्यात त्यांची मैफलही व्हायची होती. मी धावत जाऊन फडकं फिरवलं, पण सांगितलं ना, आमच्या फळ्यावरचं पुसून पूर्ण जात नाही. दुपारी दोन आजोबा हळहळत घरी गेले.

२३ एप्रिल म्हणजे जागतिक पुस्तकदिन, वाचनालयाचा सणच. रंगीत खडू आणून मी लिहिलं, '१६१६ : शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस यांचं एकाच दिवशी निधन.' मुद्रितशोधकांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एकाच तारखेला. दिवशी म्हणू नका."

मग उभ्या उभ्या तास झाला. सर्व्हांतेसच्या स्पेनने १५८२ साली पोप ग्रेगरींचं नवं कॅलेंडर घेतलं. तिथले लोक गुरुवारी ४ ऑक्टोबरला रात्री झोपले आणि शुक्रवारी १५ ऑक्टोबरला उठले. मधल्या दहा तारखा कोणालाच मिळाल्या नाहीत. इंग्लंडने मात्र १७५२पर्यंत जुनंच कॅलेंडर भिंतीवर ठेवलं. म्हणून इंग्लंडात २३ एप्रिलला शेक्सपिअर वारला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडली होती. "आणि सर्व्हांतेस २२लाच गेले असं अभ्यासक मानतात," ते म्हणाले. "२३ ही दफनाची."

मी पुसून नव्याने लिहिलं : एकाच तारखेला, दहा दिवसांच्या अंतराने, त्यातही एक बहुधा आदल्या दिवशी. तीन ओळी गेल्या. एका शाळकरी मुलाने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मग पुस्तकदिन नक्की कधी?" त्याला मी आत बालविभागात पाठवून दिलं.

तेव्हापासून मी सावध आहे. रशियाची ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला लिहितो, आणि 'ऑक्टोबर नोव्हेंबरात कसा' असं कोणी विचारायच्या आत सटकतो. स्पेनची संत तेरेसा तर नेमकी त्या ४ आणि १५ ऑक्टोबरमधल्या रात्री वारली. तिला मी फळ्यावर घेतलंच नाही. तिथी की तारीख हा वाद कोणी काढला तर मला एकदम कमी ऐकू येतं.

काही दिवस उलट फारच भरलेले असतात. ९ नोव्हेंबरला जर्मनीने एकटीने माझा फळा भरला : १९१८ साली प्रजासत्ताकाची घोषणा, १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचं फसलेलं बंड, १९३८ साली ज्यूंच्या घरादारांवरचे आणि प्रार्थनास्थळांवरचे हल्ले, १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली. चार ओळी, चारही जर्मनीच्या. बाकीच्या जगाला मी सांगून टाकलं, उद्या या. जर्मनांनाही ही तारीख झेपत नसावी. एकीकरणाची सुट्टी त्यांनी ३ ऑक्टोबरला ठेवली.

२९ फेब्रुवारीला मात्र माल कमी. मोरारजी देसाई १८९६चे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांची तारीख पुन्हा उगवली ती थेट १९०४ साली, आठ वर्षांनी. आणि टास्मानियाचे एक पंतप्रधान जेम्स मिल्न विल्सन १८१२च्या २९ फेब्रुवारीला जन्मले नि १८८०च्या २९ फेब्रुवारीला वारले. याला म्हणतात नीटनेटका माणूस. फळा लिहिणाऱ्यांचे असे कैवारी थोडे.

आमच्यातले गणिताचे सर या सगळ्याकडे तुच्छतेने बघतात. त्यांच्या मते २३ माणसं जमली की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, यात विशेष ते काय. आम्ही वाचनकक्षात मोजदाद केली. पंचवीस जण होते आणि जोडी खरोखरच निघाली : रोज सकाळी एकाच वर्तमानपत्राच्या मधल्या पानासाठी झटापट करणारे दोघे. त्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याने तारीखही हिसकावली होती.

२० जुलैला पुन्हा मुद्रितशोधक. मी लिहिलं होतं, '१९६९ : माणूस चंद्रावर उतरला.'

"२० तारीख अमेरिकेची," ते म्हणाले. "आपल्याकडे यान उतरलं तेव्हा मध्यरात्र उलटून पावणेदोन झाले होते. पाऊल पडलं ते २१ला सकाळी साडेआठच्या सुमारास."

मला भांडायचं होतं, पण माझीच आठवण त्यांच्या बाजूने उभी राहिली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. सोमवार होता, शाळेची घाई होती, एक मोजा सापडत नव्हता आणि रेडिओ चंद्राबद्दल सांगत होता. रविवारी मोजा कोण शोधतो? मी हार मानली. इतकंच नव्हे, यापुढे सगळ्या घटना भारतीय वेळेप्रमाणेच लिहीन, असं नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून सहीसुद्धा केली. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता माझी स्वतःची तारीख सांगायला हवी. माझा जन्म ११ एप्रिल १९५४चा, रविवारचा. २०१० साली केंब्रिजच्या विल्यम टन्स्टॉल-पेडो नावाच्या संगणकतज्ज्ञाने आपल्या यंत्रात सुमारे तीस कोटी तथ्यं भरली आणि १९००पासूनचा सगळ्यात कंटाळवाणा दिवस कोणता, असं त्याला विचारलं. यंत्राने उत्तर दिलं, ११ एप्रिल १९५४. त्या दिवशी बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली, तुर्कस्तानात एक भावी प्राध्यापक जन्मले, इंग्लंडात एक जुने फुटबॉलपटू वारले. संपलं. तीस कोटींत मी नव्हतो.

मी ही बातमी हिला वाचून दाखवली. ही मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला अहो एवढं यंत्र कशाला? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मला आधार वाटतो तो स्टीफन हॉकिंगचा. ते ८ जानेवारी १९४२ला जन्मले, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली त्या दिवशी. लोक भारावून जात. पण त्यांनीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुलं जन्मली असतील. त्या हिशेबाने माझ्याही दिवशी लाखांनी जन्मली असणार, आणि ती सगळीच्या सगळी यंत्रातून गळलेली. मी एकटा नाही.

आणि कंटाळवाणं होतं ते साल. तारखेचा दोष नाही. यंदा ११ एप्रिलचा फळा मी आदल्या रात्रीच कागदावर मांडला. '१८२७ : महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म. १८६९ : कस्तुरबा गांधी यांचा जन्म. १८१४ : फाँतेनब्लोचा तह, नेपोलियनला एल्बा बेट.' आणि चौथी ओळ माझ्या विशेष प्रेमाची : '१९७० : अपोलो १३चं उड्डाण, ह्यूस्टनच्या घड्याळात १३ वाजून १३ मिनिटांनी.' त्या वर्षी मी बरोबर सोळा वर्षांचा झालो होतो. यान वाटेत बिघडलं, तरी माणसं सुखरूप परत आली. एवढं झकास काही माझ्या तारखेला दुसरं झालेलं नाही. सकाळी जरा लवकर जाऊन मी ती ओळ पिवळ्या खडूने लिहिली.

फळा पुरता वाळलाही नव्हता. मागून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"ह्यूस्टनचे १३ वाजून १३," मुद्रितशोधक म्हणाले, "म्हणजे आपले मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४३."

मी गप्प.

"म्हणजे १२ एप्रिल," ते म्हणाले, आणि नोंदवही ठेवलेल्या टेबलाकडे नुसतं पाहिलं.

मी फडकं ओलं केलं. अपोलो १३ निघून गेलं, मागे पिवळसर ढग तेवढा राहिला. चौथी ओळ रिकामी. पाच मिनिटं मी खडू हातात धरून उभा होतो. मग त्या पिवळ्या ढगावर, जमेल तितक्या सुरेख अक्षरात लिहिलं : '१९५४ : बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक.'

मुद्रितशोधकांनी जवळ येऊन वाचलं. चूक सापडली नाही, त्यामुळे ते अस्वस्थ झाले.

"बेल्जियमची निवडणूक कशाला? आपला काय संबंध?"

"आहे थोडा," मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो.