विश्व ‘डावखुरं’ ठरलेलं नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कापसाच्या भावाच्या दोन मेसेजांमध्ये एक फॉरवर्ड आला: ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, विश्व डावखुरं आहे. दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) मांडणी आरशातल्या प्रतिमेशी जुळत नाही. चूक असायची शक्यता अब्जांत एक. बिग बँग खोटा.’ दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांनी वर्गात तेच विचारलं.

आधी ‘डावखुरं’ म्हणजे काय ते पाहू. आम्ही वाळक्या पऱ्हाट्या तोडून, टोकांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावून त्रिकोण केला. त्याची आरशातली जोडी केली. एक पालथा घातला की दोन्ही जुळले. मग सहा वेगवेगळ्या लांबीच्या काड्यांचा चतुष्फलक, म्हणजे चार कोपऱ्यांचा सांगाडा केला, त्याचीही आरशातली जोडी केली. पोरांनी तास संपेपर्यंत फिरवून पाहिलं, एकावर दुसरा बसला नाही. म्हणून डावं-उजवं तपासायला एका वेळी चार दीर्घिका, चार कोपऱ्यांसारख्या, घ्याव्या लागतात. असे असंख्य चतुष्फलक मोजून एका हाताचे जास्त भरतात का, ते बघायचं.

‘सिद्ध केलं’? बॉस या आकाश-सर्वेक्षणातल्या दीर्घिकांवर 2022 मध्ये एका गटाला 7.1 सिग्माचा, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या 7.1 पट, फरक दिसला, हे खरं आहे. पण त्याच वर्षी, त्याच सर्वेक्षणावर, दुसऱ्या विश्लेषणात तो 2.9 भरला. फॉरवर्डमध्ये हा आकडा नाही.

‘अब्जांत एक’ हा दावा सगळ्यात कच्चा. सिग्मा म्हणजे दिसलेला फरक नेहमीच्या चढउताराच्या किती पट आहे, ते. माझ्या वावरात सोयाबीनचा उतारा एकरी क्विंटलभर इकडेतिकडे होतो असं मी धरलं, तर एखाद्या साली चार क्विंटल जास्त आले की चमत्कार वाटेल. खरा चढउतार तीन क्विंटलांचा असेल, तर त्यात नवल काहीच नाही. इथे चढउतार संगणकावर रचलेल्या नकली विश्वांवरून धरला होता. क्रोलेव्स्की हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये या अंदाजातली चूक वेगळी काढली. आरशाचा फरक उरला 0 ते 2.5 सिग्मा, जवळपास 6 सिग्मा निघाले ते नकली विश्वं खऱ्याशी न जुळण्याचे.

माणसाचा डोळाही फसतो. गॅलॅक्सी झू प्रकल्पात लोक चित्रं पाहून दीर्घिका कुठल्या दिशेने फिरते ते सांगत. एक दिशा जास्त भरली. मग चित्रं आरशासारखी उलटून दाखवली, तरी तीच दिशा जास्त! कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता.

आणि ‘बिग बँग खोटा’? चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्ट-60 वरच्या प्रयोगाने 1957 मध्येच दाखवलं की अणुकेंद्रातलं दुर्बल बल आरशाचा नियम (मूळ आणि आरशातली प्रतिमा सारखीच वागते, हा) पाळत नाही. त्याने भौतिकशास्त्र कोसळलं नाही, पुढे गेलं. दीर्घिकांमध्ये असा फरक उद्या पक्का झालाच, तर गुरुत्वाकर्षण डावं-उजवं ओळखत नाही, म्हणून त्याचं मूळ विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत शोधावं लागेल. म्हणजे बिग बँगच्या कहाणीतच.

पऱ्हाट्यांची ती जोडी वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन फिरवून पाहावी.