पहिल्या व्हिडिओची घाई नको

रिल्सचं अकाउंट उघडायचं ठरवलंत, अभिनंदन. आता एकच पथ्य पाळा: इतक्यात व्हिडिओ करू नका. नवखी माणसं इथेच फसतात. फोन उचलतात, मनात आलं ते बोलतात आणि टाकून मोकळी होतात. यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ असाच आला, 23 एप्रिल 2005 रोजी. अवघे 19 सेकंद. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून एक तरुण सांगतो की यांच्या सोंडा फार लांब असतात. संपलं. ना लोगो, ना रिंग लाइट, ना 'शेवटपर्यंत बघा'. (तो कंपनीचाच एक संस्थापक होता, म्हणून खपलं. तुमचं खपणार नाही.)

सुरुवात नावापासून. हवं ते हँडल कुणीतरी आधीच अडवून ठेवलेलं असतं आणि तिथे त्याने आजवर काहीही टाकलेलं नसतं. या मार्गावर तो तुमच्याही पुढे गेलेला तपस्वी आहे, मनोमन हात जोडा. मग स्वतःच्या नावापुढे 'ऑफिशियल' लावा. तुमचा तोतया काढावा असं अजून कुणाला वाटलेलं नाही, पण तयारी असावी. बायोत 'डिजिटल क्रिएटर' आणि त्याखाली 'कोलॅबसाठी डीएम करा'.

सामानाबद्दल काय सांगायचं! कॉलर माइकची तुलना करणारे व्हिडिओ बघण्यात आख्खा आठवडा गेला, तर त्याला अभ्यास म्हणायचं. रिंग लाइट लावला की डोळ्यांत दोन पांढरी वर्तुळं उमटतात. क्रिएटर झाल्याची तेवढी खूण पुरे.

खरी साधना अल्गोरिदमची. व्हिडिओची लांबी किती असावी, हाच प्रश्न घ्या. 2013 मध्ये आलेल्या व्हाइन या व्हिडिओ अ‍ॅपवर 6 सेकंद मिळायचे. त्यात लोक पटाईत होईतो 2017 मध्ये ते दुकानच बंद झालं. रिल्स 2020 मध्ये 15 सेकंदांनी सुरू झाल्या आणि लांबत गेल्या. यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंची, म्हणजे शॉर्ट्सची, एका मिनिटाची मर्यादा ऑक्टोबर 2024 मध्ये तीन मिनिटांवर गेली. अशा परिस्थितीत शहाण्या माणसाने काय करावं? कंपन्यांचं एकदा काय ते ठरू द्यावं. तोवर 'पहिल्या तीन सेकंदांत प्रेक्षकाला कसं पकडावं' हे शिकवणारी दोन तासांची व्याख्यानं ऐकावीत.

व्ह्यूजची चिंता तर सोडूनच द्या. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबवर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरतात. म्हणजे तुम्हाला बघून ज्याने ताबडतोब अंगठा सरकवला, तोही तुमचा प्रेक्षक. अशा व्ह्यूवर पैसे मिळत नाहीत, पण स्क्रीनशॉट काढता येतो.

पैशांचं म्हणाल तर नुसत्या शॉर्ट्सच्या जोरावर त्यांच्या जाहिरातींत वाटा हवा असेल, तर 1,000 सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज लागतात. मग जाहिरातींच्या पैशांतून क्रिएटर्ससाठी काढलेल्या गंगाजळीतून तुमच्या वाट्याला येईल त्याचे 45 टक्के हातात पडतात. या 45 टक्क्यांचं काय करायचं, यावर घरात एक कडाक्याचं भांडण आत्ताच उरकून घ्या. 'बाजारात तुरी' म्हणून हसणाऱ्यांना आर्थिक नियोजनातलं काही कळत नाही.

विषय? तो माइक आल्यावर सुचेल.

तेवढ्यात तीन पोस्ट मात्र तयार ठेवा. पहिली 'लवकरच येतोय'. दुसरी, काही महिन्यांनी, 'मानसिक शांततेसाठी थोडा ब्रेक घेतोय'. तिसरी 'तुमच्या प्रेमाखातर परत येतोय'. तिन्हींची रंगसंगती एकच ठेवा. या क्षेत्रात सातत्याला फार महत्त्व आहे.