‘कोर्टाने एआयला सगळं फुकट दिलंय’ हे खोटं आहे

‘कोर्टाचा निकाल लागला. एआयला कोणाचंही पुस्तक, चित्र, गाणं वापरायला परवानगी लागत नाही. लेखक-कलाकारांनी आता रडणं थांबवावं.’ अशा आशयाचा, खाली मुद्दे काढलेला एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं, पण तो मावशीपर्यंत पोचला. ती लहान मुलांसाठी लिहिते. नव्या करारात एआयबद्दलचं कलम घालावं म्हणून ती प्रकाशकाशी भांडत होती, आणि हे वाचून तिने मला विचारलं, आता भांडण्यात काही अर्थ आहे का? आहे. म्हणून हे लिहितेय, आणि सर्वांत घातक मुद्दा आधी घेतेय.

कोर्टाने परवानगी दिली?

संदेशात निकालाचं नाव नाही, तारीख नाही. वर्णनावरून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयातला, न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांचा २३ जून २०२५ चा आदेश दिसतो. तीन लेखकांनी अँथ्रोपिक या एआय कंपनीवर दावा लावला होता. त्या आदेशात दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं आहेत. संदेश लिहिणाऱ्याने दुसरं उत्तर गाळलंय.

पहिलं उत्तर असं की पुस्तकांवर एआय मॉडेलला प्रशिक्षण देणं अमेरिकी कायद्यातल्या ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसतं, आणि विकत घेतलेली छापील पुस्तकं स्कॅन करून ठेवणंही बसतं. म्हणजे संदेश इथे अर्धा खरा आहे. मला तो निष्कर्ष पटत नाही, पण आदेशात आहे तो आहे.

दुसरं उत्तर वाचा. कंपनीने पायरेटेड संग्रहांतून ७० लाखांहून जास्त पुस्तकांच्या प्रती उतरवून घेतल्या आणि स्वतःची लायब्ररी म्हणून ठेवल्या. ते फेअर यूजमध्ये बसत नाही. नंतर तेच पुस्तक विकत घेतलं तरी आधीच्या चोरीची जबाबदारी टळत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलंय. सप्टेंबरमध्ये कंपनीने तडजोड केली. किमान १५० कोटी डॉलर, सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकं, म्हणजे पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. याला ‘फुकट’ म्हणतात का?

आता ७० लाख आणि ४ लाख ८२ हजार या आकड्यांमधलं अंतर बघा. त्यात एकाच पुस्तकाच्या अनेक प्रतीही होत्या, पण तेवढंच कारण नव्हतं. तडजोडीच्या यादीत यायचं तर पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेलं असायला हवं होतं, आणि तेही कंपनीने ते उतरवण्याआधी किंवा प्रसिद्धीनंतर तीन महिन्यांत. ‘नोंदवून काय होणार’ म्हणून बसून राहिलेल्या लेखकांना या तडजोडीतून काहीच मिळालं नाही. ‘काही उपयोग नाही’ असं पसरवणाऱ्या संदेशाचा मला राग येतो तो यासाठी. तो वाचून माणूस जे करायला हवं तेच करायचं सोडतो.

शिवाय ही तडजोड फक्त मागे घडलेल्या गोष्टींपुरती आहे. पुढच्या प्रशिक्षणाचा परवाना त्यात नाही, आणि मॉडेल जो मजकूर तयार करून देतं त्याबद्दलचे दावेही तिने मिटवलेले नाहीत.

‘माणूस वाचून शिकतो, तसंच मशीनही’

ऑल्सप यांनी ही तुलना मान्य केली होती. दोनच दिवसांनी, लेखकांनी मेटा या फेसबुकच्या कंपनीवर लावलेल्या खटल्यात, त्याच न्यायालयातल्या न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी ती गैरलागू ठरवली. मुलांना पुस्तकांवरून लिहायला शिकवणं वेगळं, आणि एकटा माणूस ज्याच्या जोरावर नगण्य वेळात अगणित स्पर्धक पुस्तकं काढू शकेल असं उत्पादन बनवणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. तो खटला मेटा जिंकली हे खरं, पण लेखकांनी बाजारातल्या नुकसानीचा नीट पुरावा मांडला नाही म्हणून. परवानगीशिवाय असं प्रशिक्षण बऱ्याच परिस्थितींत बेकायदेशीर ठरेल, हेही त्याच निकालात आहे. मावशीची पुस्तकं वाचून मोठी झालेली मुलं तिची वाचक झाली. तिच्या जागी दुसरं काही विकायला ती मुलं वाचत नव्हती.

‘मॉडेलमध्ये प्रत नसतेच’

पुस्तकांची फाइल जशीच्या तशी आत ठेवलेली नसते, इतपत खरं. पण प्रशिक्षणासाठी आधी सर्व्हरवर पूर्ण प्रत करावीच लागते, त्याबद्दल संदेश गप्प आहे. आणि ११ नोव्हेंबर २०२५ ला म्युनिकच्या न्यायालयाने जेमा ही संगीत हक्क संस्था विरुद्ध ओपनएआय (चॅटजीपीटीची कंपनी) या खटल्यात सांगितलं की नऊ जर्मन गाण्यांचे शब्द मॉडेलच्या आत साठलेले आहेत आणि हे साठणं म्हणजे प्रत करणंच. त्याच महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने गेटी इमेजेस या छायाचित्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात उलट मत दिलं, हेही सांगायला हवं. थोडक्यात, प्रश्न अजून सुटलेला नाही.

‘नेटवर टाकलं की सगळ्यांचं’

अजिबात नाही. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराच्या चौकटीत निर्मात्याचा हक्क कलाकृती तयार होताच सुरू होतो. ती कुठे प्रसिद्ध केली यावरून तो जात नाही. युरोपच्या २०१९ च्या निर्देशात तर नेटवरच्या मजकुराचं स्वयंचलित विश्लेषण करू देणार नाही असं बजावून ठेवण्याचा हक्क निर्मात्याला दिलेला आहे.

‘परवानग्या घेत बसलं तर एआय बनणारच नाही’

ओपनएआयने ब्रिटिश संसदेच्या समितीला हेच सांगितलं होतं. त्याच कंपनीने असोसिएटेड प्रेस, अ‍ॅक्सेल स्प्रिंगर, फायनान्शियल टाइम्स, न्यूज कॉर्प यांच्याशी पैसे देऊन करार केले आहेत. अँथ्रोपिकनेही नंतर लाखो छापील पुस्तकं विकत घेतली, बांधणी कापून पानं स्कॅन केली. म्हणजे पैसे देणं जमतं. ज्यांच्याकडे वकिलांची फौज असते त्यांच्याशी आधी करार होतात, आणि एकट्यादुकट्या लेखकाला हा संदेश मिळतो.

‘तक्रार करणारे प्रगतीचे शत्रू’

हे लोक मागतात काय? आधी विचारा, मोबदला द्या, आणि काय वापरलं ते सांगा. यातल्या तिसऱ्या मागणीचा काही भाग युरोपात कायदा झालाय. २ ऑगस्ट २०२५ पासून बाजारात येणाऱ्या सर्वसाधारण वापराच्या मॉडेलांच्या कंपन्यांना प्रशिक्षणात वापरलेल्या सामग्रीचा सारांश जाहीर करावा लागतो. हा नियम सगळीकडे व्हायला हवा, आणि सारांशावर न थांबता पूर्ण यादी मिळायला हवी. नाहीतर आपलं पुस्तक घेतलं गेलं की नाही, एवढं कळण्यासाठीही कोणालातरी कोर्टात जावं लागतं.